पांढरीतली मधली दारं

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. चाळीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, पण नाही सांगितली. पोरांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगून राहिलो? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही, हा माझा जुना रोग आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगं ताटकळत बसायला नको. माझ्यामुळं एका बाईचा संसार मोडला. तिनं काही केलेलं नव्हतं. केलं होतं मी. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं, गावाला नव्हतं. एवढंच आहे. पण एवढंच म्हणून सुटता येत नाही ना — कसं झालं ते सांगावं लागतं, आणि तिथंच माझं घोडं पेंड खातं.

निजामाच्या राज्याची ती शेवटली वर्षं. मी उदगीरचा, पण नोकरी भोकरच्या बाजूला एका कचेरीत, नकाशानवीस म्हणून. म्हणजे रानात साखळी टाकून मोजणी व्हायची आणि ती कागदावर उतरवायचं काम माझं. उर्दू शाळेत शिकलेलो, अक्षर वळणदार, रेघ सरळ. त्या कचेरीत बाकीच्यांचे हात थरथरायचे, एकाला तर चष्म्याशिवाय दौत दिसायची नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तशी माझी शहाणपणाची ख्याती होती. मला ती फार आवडायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या आवडीपायी झालं.

तुम्हाला आपल्याकडचं ठाऊक असेलच — शेतजमीन ती काळी, आणि गाव जिथं वसलंय ती पांढरी. सरकारनं काळीचा वीत न् वीत मोजलेला होता. बांध, विहीर, आंब्याचं झाड, सगळं नकाशात. आणि पांढरी? नकाशात मधोमध एक कोरी जागा, तिच्यावर गावाचं नाव, की झालं. काळीतून सारा येतो, पांढरीतून काय येतं? चुलीचा धूर. त्यामुळं कुणाच्या घराला दार कुठं आहे याची सरकारला शे-दोनशे वर्षं काही पडलेली नव्हती.

मग ती वर्षं आली. राज्याला भिणारी माणसं भ्यायची थांबली, तेव्हा राज्यच माणसांना भ्यायला लागलं. पत्रकं वाटली जायची, गावोगाव निरोप फिरायचे, शिपाई गावात शिरले की पाहिजे तो माणूस गावात नसायचा. आत जाताना दिसलेला, बाहेर पडताना कुणाला दिसलेला नाही — मग गेला कुठं? तेव्हा हुकूम निघाला की आता पांढरी मोजा. घरं मोजा, बोळ मोजा, आड मोजा. दारावर गेरूनं आकडा घाला. हुकमात लिहिलं होतं, रयतेच्या हिफाजतीसाठी. रयत हसली. मीही हसलो होतो, खोटं का बोलू.

मला जे गाव नेमून दिलं त्याचं नाव सांगत नाही. तिथं अजून त्या घरांतली माणसं राहतात. श्रावणात गेलो. राहायला चावडी, आणि जेवायला एका कुणब्याच्या घरी सोय लावली होती. घरची बाई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणायला लागलो. नवरा मुका म्हणावा इतका कमी बोलायचा. बोलणारा होता तिचा दीर, किसन — माझ्याच वयाचा, अंगानं धिप्पाड. "नकाशेवाले, आमच्या म्हशीला बी आकडा टाका, तिचा बी लई भरवसा न्हाई," असं काहीबाही बोलून हसवायचा. मला सख्खी बहीण नाही. आक्कानं पंचमीला मला पुरणाचे दिंड खाऊ घातले आणि म्हणाली, आता भाऊबीजेला यायचं, न्हाई आलास तर तुझ्या कचेरीत येऊन ओवाळीन.

त्या गावची एक रीत होती. घरं माळवदाची, भिंतीला भिंत लागून. आणि मागच्या अंगाला, गोठ्याच्या किंवा चुलीच्या बाजूला, एका घरातून दुसऱ्या घरात जायला एक बुटकं दार — मधलं दार. या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्यात, असं आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती वाट बायकांची. विस्तव आणायला, विरजण मागायला, बाळंतिणीकडं जायला रस्त्यावर यायची गरजच नाही. नवी सून आली की पहिल्या आठवड्यात सासू तिला सगळी मधली दारं ओलांडून आणायची, घराघरात हळदीकुंकू घेत. पुरुषमाणूस त्या दारातून जात नसे. घरचा धनीसुद्धा नाही. ते दार आहे हे त्याला माहीत असायचं, पण चारचौघांत तो ते नाव काढायचा नाही. मग माझ्यासारख्या उपऱ्याला कोण दाखवणार? मी पुढून मोजलं — रस्ता, ओटे, पुढली दारं. मागं काय आहे विचारलं की आक्का म्हणायची, मागं काय, शेणाचा उकिरडा हाय.

आणि मला हिवताप आला. अंगाची नुसती लाही. त्या दिवशी रस्त्याला गुडघाभर पाणी वाहून राहिलं होतं. काढा देणारी गयामाय आळीच्या पार त्या टोकाला, पायांनी अधू, तिला हलवता येईना. तेव्हा आक्कानं बायकांना विचारलं — नीट ऐका, विचारलं, पुरुषांना नाही, बायकांना — आणि बायकांनी हो म्हटलं. किसननं मला पाठुंगळी घेतलं. एरवी तो तरी कुठं त्या दारांतून गेलेला? आक्का पुढं, तो मागं, मी त्याच्या पाठीवर. दर दाराशी तो कमरेत वाकायचा, आणि पुढच्या घरातली बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. त्यातच तिसऱ्या घरात राजम्मा होती. तेलुगू मुलखातली, त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. सासरी राधा म्हणायचे, पण राधा म्हटलं की तिला पटकन ओळखू यायचं नाही. पंचमीचं माहेरपण करून नुकतीच परतली होती. तिनं माझ्या कपाळावर ओलं फडकं टाकलं, कुणी सांगितलेलं नसताना.

सगळ्यांना वाटलं मी शुद्धीत नाही. डोळे मिटलेले, मान लोंबती. आक्का नंतर सगळ्यांना सांगायची, पोराला कशाची म्हणून शुद्ध नव्हती. आणि मी? — मी मोजत होतो. दारं मोजत होतो, किसनची पावलं मोजत होतो, कुठं डावीकडं वळला ते मनात धरत होतो. कुणी सांगितलं होतं का? नाही. पैमाईशवाल्याला मोजायची खोड असते, तशी म्हणा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, अशी शिवी आपल्यात आहे. मी ते काम तापात, त्याच घरच्या माणसाच्या पाठीवर बसून केलं.

बरा झालो, कचेरीत परत आलो. नकाशा काढला. खरं सांगतो, पहिल्यांदा काढला तेव्हा मधली दारं घातली नव्हती. पुढची बाजू चोख, मागं कोरं. तिथंच हात थांबला असता तर आज मी तुमच्यापुढं बसलो नसतो.

भादव्यानंतर किसनच्या नावाचं वॉरंट निघालं. निरोप पोचवायच्या कामात तो होता. दोनदा शिपाई गेले, दोनदा तो घरात शिरताना दिसलेला आणि दोन्ही वेळा घर रिकामं. मग मोठे साहेब आमच्या कचेरीत आले. शिव्या देणारे नव्हते हो. अत्तर लावणारे, हळू बोलणारे. त्यांनी सगळ्यांचे नकाशे मांडले. माझ्या नकाशावर बोट फिरवत आले आणि घरांच्या मागच्या कोऱ्या जागेवर थांबले. उर्दूत म्हणाले, हात तर फार सुंदर आहे, पण इथं कागद रिकामा आहे. जिथं नकाशा रिकामा असतो तिथून माणूस पळतो. आणि दुसऱ्याचा नकाशा उचलला. त्या चष्मेवाल्याचा. त्याच्याकडं बघून म्हणाले, यानं निदान उकिरडे तरी दाखवलेत.

तुम्ही म्हणाल, मग मारलं असेल, धमकावलं असेल, नोकरीची भीती घातली असेल. म्हणाल ना? राज्य गेल्यावर लोकांनी मला हेच विचारलं — त्या काळी कचेरीत होता, लई तकलीफ झाली असंल तुम्हाला. मी मान खाली घालून हलवायचो. एकदा तर एका शाळेत मला खुर्चीवर बसवून हार घातला. मी तो घालून घेतला. पण कुणी मला टिचकी मारली नव्हती. कुणी आवाज चढवला नव्हता. मला फक्त तो चष्मेवाला पुढं गेलेला सोसला नाही.

दोन दिवसांनी मी तो नकाशा परत काढला. तांबड्या शाईनं, भिंतीच्या रेघेत छोटी छोटी फट ठेवून, एकेक मधलं दार. वळण जिथं होतं तिथं वळण. माझ्या मनाशी म्हणत होतो की हे नुसतं भिंतीचं काम आहे, यात माणसाचा काय संबंध. — नाही. हेही खोटं. किसनचं वॉरंट मला माहीत होतं. तो त्या दारांतून निसटतो हे मला न सांगता कळलेलं होतं. दुसरं कुणी ते ओळखूच शकत नव्हतं. सगळं कळून काढलं. साहेबांनी बघितलं, "शाबाश" म्हणाले आणि नमुना म्हणून तो भिंतीला लावायला सांगितला. एक शब्द. त्याच्यावर मी आठ दिवस तरंगत होतो.

भाऊबीजेला मी गेलो नाही. कामाचं निमित्त सांगून निरोप पाठवला. त्यानंतर पंधरा दिवसांत एका सकाळी, न्याहारीच्या वेळेला, शिपाई आले. या खेपेला पुढच्या दारावर कुणी थापच मारली नाही. ते थेट आळीच्या टोकाच्या घरांत शिरले, मागं गेले आणि मधल्या दारांशी उभे राहिले. आक्कानं दिराला नेहमीसारखं मागं ढकललं. पाचव्या दारात तो कमरेत वाकलेला असताना पलीकडून त्याच्या मानेवर काठी बसली. वर्षभर तुरुंगात होता. सुटून आला तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, पण आला. नंतर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

त्याचं मी सोसू शकलो असतो असं मला वाटतं. लढायला निघालेल्या माणसाला काठी ठाऊक असते. पण राजम्मा कुठं लढायला निघाली होती?

धरपकडीनंतर चार दिवसांनी मी गावात गेलो. आक्काला भेटायला, असं म्हणत होतो. खरं तर माझं नाव निघालंय का ते बघायला. नव्हतं निघालेलं. मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं बसली होती, समोरच्या ओट्यांवर बायका उभ्या. सगळ्यांना एकच कोडं — मधली दारं सरकारला कळली कशी? गावातल्या पुरुषांची जीभ ते नाव काढायला धजत नव्हती, मग शिपायांना कोण सांगणार? एकानं माझ्याकडं बोट दाखवलंसुद्धा, की हे मोजून गेले की. तेव्हा आक्का पुढं झाली. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, माझ्या भावाला यात वढू नका. त्याला नेलं तवा त्याला शुद्ध नव्हती, म्या सोता बघितलंय.

तो क्षण होता बघा. माझ्या हातात होता. काय झालं असतं फार तर? चार जोडे बसले असते. दहा बसले असते. मेलो तर नसतो.

पारावरचा म्हातारा मला म्हणाला, "तुमी कचेरीतले. तुमास्नी काय वाटतंय?"

मी घसा साफ केला. आणि शांतपणे, शिकलेल्या माणसासारखं म्हणालो, "आतल्या बाईमाणसानं सांगितल्याशिवाय ही गोष्ट बाहेर जात नसती."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, आणि ती गरज नाही हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. राजम्मा नवी, बोलीनं परकी, सहाच महिन्यांपूर्वी सगळी दारं बघितलेली, पंचमीला माहेरी जाऊन आलेली, आणि तिचा चुलतभाऊ तिकडं पोलिसात शिपाई. सगळ्या माना तिसऱ्या घराकडं वळल्या. ती ओट्यावर घागर घेऊन उभी होती. आपल्याकडं का बघताहेत हे तिला कळलं नाही. मराठी अजून पुरती यायची नाही तिला. तिनं पदर नीट केला. जाऊबाईनं तिच्या हातातून घागर काढून घेतली, तेव्हा तिला कळायला लागलं.

मी थांबलो नाही. तसाच निघून आलो. पुढचं कानावर आलं ते असं — तिला बडवलं, बापाला बोलावून घेतलं, नेसत्या लुगड्यानिशी पाठवून दिलं. वैशाखात नवऱ्याचं दुसरं लग्न लागलं. आणि त्या आळीतल्या बायकांनी मधली दारं बुजवली. सरकारनं एक दगड रचला नाही. हुकूमही निघाला नव्हता. बायकांनीच दगड वाहिले, माती कालवली, आणि आपापल्या बाजूनं लिंपून टाकलं. कोण कुणाला विचारणार होतं आता, हो की नाही? शेजारच्या घरातली कधी काय सांगेल याचा भरवसा उरला नव्हता. विस्तव आणायला बायका रस्त्यानं जायला लागल्या, डोक्यावर पदर ओढून, शिपायासमोरून.

मी पुष्कळ विचार केलाय यावर. राज्य एवढं मोठं, फौजफाटा, घोडे, तुरुंग. त्याला त्या आळीत शे-दोनशे वर्षं शिरता आलं नाही. ते शिरलं ते माझ्या बोरूतून. आणि एकदा शिरल्यावर शिपाई निघून गेले तरी ते तिथंच राहिलं, दर दोन घरांच्या मधोमध. पुढं राज्य गेलं, झेंडा बदलला, साहेब बदलले. माझा नकाशा मात्र त्याच कपाटात राहिला आणि नव्या साहेबांनाही फार आवडला. मला कायम केलं. मी त्याच कचेरीतून पेन्शनीत निघालो. असला विचार करायला मला फुरसत होती, खायला-प्यायला ददात नव्हती. विचार करणं ही माझी शिक्षा आहे असं मी मला समजावायचो. कसली शिक्षा? खुर्चीत बसून कुणी शिक्षा भोगतं का?

आक्का मरेपर्यंत मला भाऊबीजेला ओवाळत होती. दरवर्षी पुरण वाढताना त्या तेलंगिणीच्या नावानं बोटं मोडायची. तिचं वाटोळं हो म्हणायची, माझ्या दिराचा कान खाल्ला रांडंनं. मी पुरण खायचो. वर तूप मागून घ्यायचो.

आता शेवटचं. हे सांगायलाच मी बसलो होतो, बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरत राहिलो.

राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. कचेरीत एक बाई आली. केस पिकलेले, हातात बापाच्या शेताचे कागद. भावानं हिस्सा नाकारला होता, तिला अर्ज लिहून हवा होता. मी कागद पुढं ओढला, नाव विचारलं. राजम्मा म्हणाली. मी वर बघितलं नाही. बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. नवऱ्याचं नाव विचारायची वेळ आली तेव्हा माझा टाक थांबला. ती म्हणाली, लिहू नका, नवरा न्हाई. तिनं मला केव्हाच ओळखलं होतं. तापात पडलेला नकाशेवाला, असं म्हणून हसलीसुद्धा.

अर्ज पुरा झाला. तिनं अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं, आणि जायच्या आधी म्हणाली, अण्णा, इतक्या वर्षांनी विचारते, रागावू नका. सगळे कागद तुमच्या कचेरीतून जायचे. त्या दारांचं कुणी सांगितलं ते कधी कळलं का तुमाला? म्या न्हाई सांगितलं. आई मरेपर्यंत तिचा बी इस्वास बसला न्हाई.

तो नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. दोन हातांवर. किल्ली माझ्या खिशात. पारावर माझ्यापुढं म्हातारी माणसं होती, जोड्यांची भीती होती, असं म्हणता येतं. इथं कोण होतं? ती आणि मी. मला कोणी काही करणार नव्हतं. तिला जमीन नको होती माझी, काही नको होतं.

मी म्हणालो, "न्हाई कळलं."

तिनं मान हलवली. कागदाची घडी घातली, चोळीत ठेवली. म्हणाली, "खरं हाय अण्णा. कळलं असतं तर तुमी सांगितलंच असतं की."

मी म्हणालो, "हाव."